औषध अमीरचे, नाव ओशॉनेसीचे

१/ भांगेच्या औषधी इतिहासाविषयी समाजमाध्यमांवर दोन कथा फिरत असतात. पहिली सांगते की १८३९ मध्ये विल्यम ब्रुक ओशॉनेसी या आयरिश डॉक्टराने कलकत्त्यात या वनस्पतीचे औषधी गुण ‘शोधून काढले’. दुसरी सांगते की वेदकाळापासून आपल्याला सारे ठाऊकच होते. इंग्रजांनी बंदी घातली आणि एक थोर वैद्यकपरंपरा बुडाली. या दोन कथा एकमेकींच्या वैरिणी म्हणून मिरवतात, पण त्यांची खोड एकच आहे. ज्यांनी चुलीपाशी बसून हे औषध प्रत्यक्ष तयार केले, त्यांचे नाव दोघींनाही नको आहे. या धाग्याचा वाद दोघींशी आहे.

२/ आधी पहिली कथा. ओशॉनेसी १८०९ मध्ये लिमरिक येथे जन्मले, एडिंबरोत शिकले, १८३३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत हिंदुस्थानात आले आणि कलकत्ता मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागले. गांजाच्या औषधी सिद्धतांवरचा त्यांचा निबंध खरोखरच मोलाचा आहे. पाश्चात्त्य वैद्यकात या वनस्पतीला मानाचे स्थान मिळाले ते त्या निबंधामुळे, हे कोणीही नाकारू नये. प्रश्न वेगळा आहे. निबंधातील ज्ञान आले कोठून? त्याचे उत्तर निबंधातच आहे. फक्त ते वाचण्याची तसदी घेतली पाहिजे.

३/ ओशॉनेसी स्वतः अमीर नावाच्या एका माणसाचा उल्लेख करतात. कलकत्त्यात भांगबाजांचा एक प्रसिद्ध अड्डा होता आणि अमीर त्याचा मालक होता. या धंद्यातील सर्वांत निष्णात कसबी अशी त्याची ख्याती असल्याचे ते नोंदवतात. भांगेची मिठाई, म्हणजे माजूम, तयार करण्याची कृती अमीरने ओशॉनेसींसमोर एकदा नव्हे, अनेकदा करून दाखवली. प्राध्यापक पाहत होता आणि अड्डेवाला शिकवत होता. विज्ञानाच्या इतिहासात हे दृश्य दुर्मीळ नाही. दुर्मीळ आहे ती त्याची इतकी स्वच्छ नोंद.

४/ अमीरची कृती बारकाईने पाहण्यासारखी आहे. भांगेची पाने आणि तूप समभाग घेऊन मातीच्या किंवा चांगल्या कल्हईच्या भांड्यात घालायचे, वर पाणी ओतायचे आणि कोळशाच्या मंद आंचेवर ढवळत राहायचे. पाणी आटत आले की पातळ तूप भांड्याच्या कडांना तडतडू लागते, ती खूण. मग गरम असतानाच सारे फडक्यातून पिळून घ्यायचे. पानांचा चोथा फेकून द्यायचा. हिरवे तूप थिजले की ते मऊ पाण्यात हाताने धूत राहायचे, पाण्याला रंग येणे थांबेपर्यंत. उरतो तो मलमासारखा फिकट हिरवा गोळा.

५/ आता खरी गोष्ट. ते धुवण पिऊ नये, असे अमीर बजावतो. त्याने नशा तर येतेच, शिवाय घसा आवळतो, तीव्र वेदना होतात आणि घातक लक्षणे दिसतात. म्हणजे काय हवे आणि काय नको, याचा विवेक या माणसाला होता. तुपात उतरते ते ठेवायचे, पाण्यात उतरते ते टाकायचे. आधुनिक भाषेत याला निष्कर्षण आणि शुद्धीकरण म्हणतात. मग दुधाने मळी काढलेल्या साखरेच्या पाकात ते तूप मिसळायचे, पसरट ताटात ओतायचे आणि वड्या पाडायच्या.

६/ ही केवळ पाककृती म्हणून हसण्यावारी नेणाऱ्यांनी रसायनशास्त्राचे पुस्तक उघडावे. या वनस्पतीची राळ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ती तुपात, तेलात आणि मद्यार्कात विरघळते. कच्च्या पानातील मुख्य द्रव्य आम्लरूपात असते. उष्णता मिळाली की ते कार्यकारी रूपात येते. चूल आणि तूप या दोन गोष्टी अमीरच्या कृतीत शोभेसाठी नाहीत. औषधाचे सारे बळ त्यांच्यावरच उभे आहे. हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते, कारण पाठ्यपुस्तक अजून लिहिले जायचे होते. ते कितीएक पिढ्यांनी करून, चुकून, चाखून मिळवलेले ज्ञान होते.

७/ ओशॉनेसींचा वाटा कोणता? त्यांनी संस्कृत ग्रंथांसाठी मधुसूदन गुप्तांसारख्या पंडितांना आणि फारसी-अरबी ग्रंथांसाठी हकिमांना विचारले. आधी प्राण्यांवर प्रयोग केले, मग रुग्णांवर. तुपाऐवजी मद्यार्कातला अर्क वापरला, संधिवात, धनुर्वात, कॉलरा, बालकांचे झटके यांत तो देऊन पाहिला आणि परिणाम लिहून ठेवले. हे मोठे काम आहे. परंतु तपासून पाहणे आणि शोधून काढणे ही दोन कामे आहेत. पहिल्याचे श्रेय घेणाऱ्याला दुसऱ्याचेही बहाल करणे ही इतिहासातील चोरी होय, आणि ती ओशॉनेसींनी केलेली नाही. त्यांच्यामागून आलेल्या चरित्रकथांनी केली आहे.

८/ हा प्रकार ओशॉनेसींपासून सुरू होत नाही. १५६३ मध्ये गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा हिंदुस्थानी वनौषधींवरील संवादग्रंथ छापला गेला. त्यात ‘बांग’ या विषयावर एक संवाद आहे. ओर्ता सांगतात की त्यांच्या घरातील चाकरमाणसे त्यांच्या नकळत भांग घेत आणि तिचे परिणाम त्यांना सांगत: कामाचा शीण जाणवत नाही, मन उल्हसित होते आणि खाण्याची वासना वाढते. स्वतः वैद्याने ती चाखली नव्हती. निरीक्षण चाकरांचे, ग्रंथ धन्याचा. त्या चाकरांपैकी एकाचेही नाव उरलेले नाही. ‘खाण्याची वासना वाढते’ हे शब्द मात्र वाचकांनी लक्षात ठेवावेत. सव्वाचारशे वर्षांनी त्यांची गाठ पुन्हा पडणार आहे.

९/ आता दुसरी कथा, सुवर्णयुगाची. अथर्ववेदात ‘भंग’ हा शब्द येतो, हे खरे. पण तेथे तो कोणत्या वनस्पतीसाठी आहे याबाबत विद्वानांत एकमत नाही. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत भांग हे अमली औषध म्हणून वापरल्याचा खात्रीचा पुरावा दाखवता येत नाही. निःसंदिग्ध उल्लेख मध्ययुगीन ग्रंथांत सापडतात. शार्ङ्गधरसंहितेत पचण्याआधीच शरीरभर पसरणाऱ्या द्रव्याचे उदाहरण म्हणून भांग आणि अफू यांची नावे येतात. ‘माजूम’ हा शब्दच मुळी अरबी ‘माजून’वरून आलेला आहे. बाबर आपल्या आत्मकथेत माजून खाल्ल्याचे मोकळेपणाने लिहितो.

१०/ म्हणजे माजूम ही ‘शुद्ध’ कोणाचीच नाही. वनस्पती येथली, तूप गवळ्याचे, शब्द अरबी, रीत हकिमांची आणि वैद्यांची, हात अमीरसारख्या कसब्यांचा. ज्यांना प्राचीनत्वाचा शिक्का हवा असतो त्यांना हा मिश्र वारसा अडचणीचा वाटतो. म्हणून ते मधली पाच-सहा शतके पुसून थेट वेदांशी नाते जोडतात. त्या पुसण्यात पंसारी, अड्डेवाले, हकीम आणि चाकर सगळेच जातात. वसाहतवादी कथेने त्यांना अज्ञानी ठरवले. अभिमानकथेने त्यांना अदृश्य केले. फरक तो काय?

११/ आणि इंग्रजांची ‘बंदी’? इंग्रज सरकारने भांग-गांजावर कर बसवला, परवाने विकले आणि अबकारीचे उत्पन्न खाल्ले. बंदीची मागणी ब्रिटिश संसदेत झाली तेव्हा १८९३ मध्ये सरकारने डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. त्यात तीन हिंदी सभासदही होते. आयोगाने ११९३ साक्षी नोंदवल्या, सात खंडांचा अहवाल तयार केला आणि निष्कर्ष दिला की संयमित सेवनाने प्रायः हानी होत नाही, अतिसेवन घातक असते आणि संपूर्ण बंदी आवश्यकही नाही, इष्टही नाही. महसुलाचा स्वार्थ सरकारला होताच. पण ‘इंग्रजांनी बंदी घातली’ या वाक्याला या कागदांत जागा नाही.

१२/ आयोगाचे एक काम आजही अनुकरणीय आहे. १८९२ या वर्षात देशातील वेड्यांच्या इस्पितळांत दाखल झालेल्यांपैकी २२२ जणांच्या वेडाचे कारण भांग-गांजा असे लिहिलेले होते. आयोगाने प्रत्येक प्रकरण पुन्हा तपासले. उरली ९८, आणि त्यांतही कित्येकांत दुसरी कारणे मिसळलेली होती. बाकीच्यांत काय झाले होते? कारणाचा रकाना रिकामा राहू नये म्हणून कनिष्ठ पोलिसाने ‘गांजा’ लिहून टाकला होता. सरकारी कागद म्हणजे पुरावा, असे मानणाऱ्या प्रत्येक तरुण अभ्यासकाने हा प्रसंग वहीत लिहून ठेवावा. आणि हेही लिहावे की ९८ म्हणजे शून्य नव्हे.

१३/ मग हे औषध मागे का पडले? विसाव्या शतकात ते पाश्चात्त्य औषधकोशांतून गळले. ब्रिटिश औषधकोशातून १९३२ मध्ये, अमेरिकी कोशातून त्यानंतर दहा वर्षांत. कायदे आणि राजकारण होतेच, पण एक कारण चुलीपाशीच होते. राळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून ती सुईने टोचता येत नव्हती. मॉर्फीन येत होते. शिवाय एका बाटलीतला अर्क दुसऱ्या बाटलीतल्याइतकाच तीव्र असेल याची खात्री कोणालाच देता येत नव्हती. मुख्य द्रव्य शुद्ध रूपात वेगळे करून त्याची रचना ठरवली गेली ती १९६४ मध्ये, इस्राएलमध्ये, राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांच्याकडून. ओशॉनेसींच्या निबंधानंतर सव्वाशे वर्षे मात्रा मोजायची कशाने, हाच प्रश्न होता.

१४/ चाकरांचे निरीक्षण आणि धन्याचे नाव, हा खेळ वसाहतीपुरता होता असे कोणाला वाटत असेल तर त्याने सॅन फ्रान्सिस्कोकडे पाहावे. तेथे मेरी जेन रॅथबन नावाची एक वृद्ध स्त्री राहत असे. आयुष्यभर हॉटेलात वेटर म्हणून राबलेली, एकुलती मुलगी अपघातात गमावलेली. ती गांजा घातलेले ब्राउनी, म्हणजे चॉकलेटच्या केकच्या वड्या, भाजून विकत असे. १९८१ मध्ये तिला अटक झाली आणि शिक्षा म्हणून समाजसेवेचे तास भरावे लागले. ती सेवा करताना तिची गाठ एड्सच्या रुग्णांशी पडली. ही पोरे उपासमार झाल्यासारखी झिजत होती. अन्न पोटात ठरत नव्हते. तिच्या वड्या खाल्ल्या की मळमळ थांबे आणि भूक लागे.

१५/ शहराच्या सार्वजनिक रुग्णालयातील एड्स विभागात ती स्वयंसेविका झाली आणि १९८६ मध्ये तेथील वर्षातील सर्वोत्तम स्वयंसेविका ठरली. कायद्याच्या लेखी मात्र ती गुन्हेगारच होती. १९८२ मध्ये तिला दुसऱ्यांदा अटक झाली, १९९२ मध्ये तिसऱ्यांदा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शहराच्या नगरमंडळाने एक दिवस तिच्या नावाने साजरा केला. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी वैद्यकीय वापराला मान्यता देणारा कायदा मतपेटीतून मंजूर केला. त्यामागे ज्यांचे कष्ट होते त्यांत ‘ब्राउनी मेरी’चे नाव अग्रभागी आहे. अमीरपेक्षा ती एवढीच भाग्यवान की तिचे टोपणनाव तरी लोकांच्या तोंडी राहिले.

१६/ आता ओर्तांच्या चाकरांकडे परत येऊ. १९८५ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने प्रयोगशाळेत बनवलेले तेच द्रव्य कर्करोगाच्या उपचारातील मळमळीवर औषध म्हणून मान्य केले. डिसेंबर १९९२ मध्ये त्याला दुसरी मान्यता मिळाली: एड्सच्या रुग्णांची भूक मरते त्यासाठी. ती कॅप्सूल फोडली तर आत काय असते? तिळाच्या तेलात विरघळवलेले ते द्रव्य. २०१८ मध्ये बालपणातील दुर्धर अपस्मारासाठी याच वनस्पतीतील दुसऱ्या एका द्रव्याचे औषध मान्य झाले. तेही तिळाच्या तेलातच दिले जाते. गोव्यातल्या चाकरांनी सांगितलेली भूक आणि अमीरच्या कढईतला स्निग्ध पदार्थ, दोन्ही परवाना घेऊन बाजारात आले. नावे तेवढी मागे राहिली.

१७/ त्याच १९८५ सालात भारताने काय केले? अमली पदार्थांविषयीचा कठोर केंद्रीय कायदा केला, १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराला अनुसरून. गांजा आणि चरस गुन्ह्याच्या कक्षेत गेले. शेंड्याविना असलेली पाने आणि बिया व्याख्येबाहेर राहिल्या, म्हणून भांग राज्यांच्या नियमांवर सोपवली गेली. महाराष्ट्रात ती १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली येते. वैद्यकीय आणि शास्त्रीय उपयोगासाठी केंद्रीय कायद्यातही वाट ठेवलेली आहे. तेव्हा ‘इंग्रजांनी बंदी घातली’ असे म्हणणाऱ्यांनी आरोपीच्या पिंजऱ्यात खरा आरोपी उभा करावा: स्वतंत्र भारताची संसद. २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांत गांजाला सर्वांत कडक वर्गातून काढण्याच्या बाजूने भारताने मत दिले, ही नोंदही अर्धवट कथांत सापडत नाही.

१८/ येथे एक इशारा द्यायलाच हवा, कारण दुसरी कथा वाचून कोणी आजारी आजोबांसाठी घरी लाडू वळायला बसू शकतो. ओशॉनेसींनी संधिवाताच्या तीन रुग्णांना एकेक ग्रेन राळ दिली. काही तासांनी त्यांपैकी एक निश्चेष्ट पडलेला आढळला; त्याचा हात जसा ठेवावा तसा हवेत राहत होता. तो बरा झाला आणि पुढे मात्रा कमी करण्यात आली. पोटात घेतलेल्या भांगेचा अंमल उशिरा चढतो, कधी दोन तासांनी. यकृतात तिचे रूपांतर अधिक प्रखर द्रव्यात होते. ‘काहीच झाले नाही’ म्हणून दुसरी वडी खाणारा तेथेच फसतो. लहान मुले, हृदयरोगी आणि मनोविकाराची पूर्वपीठिका असलेले यांना धोका अधिक. अमीर धुवण फेकून देत होता. आज लेख पाठवणाऱ्यांना धुवण म्हणजे काय हेही ठाऊक नसते.

१९/ म्हणूनच ‘घरगुती म्हणजे अवैज्ञानिक’ हे जितके खोटे, तितकेच ‘घरगुती म्हणजे निरुपद्रवी’ हेही खोटे. स्वयंपाकघरातील ज्ञानाला दोन गोष्टींचा अधिकार आहे: श्रेयाचा आणि परीक्षेचा. वसाहतवादी कथा परीक्षा देते आणि श्रेय हिरावते. अभिमानकथा श्रेय देते, तेही भलत्यालाच, आणि परीक्षेला अपमान समजते. मधल्यामध्ये मरण होते ते रुग्णाचे. भूक मेलेल्या माणसाला ना वेदातील शब्दाचा उपयोग, ना १८३९ च्या सनाचा. त्याला मोजलेली मात्रा हवी, डॉक्टरची देखरेख हवी आणि औषध मागितले म्हणून गुन्हेगार न ठरवणारा कायदा हवा.

२०/ पुढच्या वेळी कोणी ‘ओशॉनेसींनी शोध लावला’ असे लिहिले, तर खाली अमीरचे नाव लिहावे. कोणी ‘इंग्रजांनी बंदी घातली’ असे लिहिले, तर १८९४ चा अहवाल आणि १९८५ चा कायदा समोर ठेवावा. आणि कोणी घरच्या वडीने सारे रोग बरे होतात असे लिहिले, तर कलकत्त्याच्या रुग्णालयात हात हवेत धरून पडलेला तो रुग्ण आठवावा. नावे, कागद आणि मात्रा: इतिहासाच्या विद्यार्थ्याने या तिन्हींचा हिशेब चोख ठेवला, तर दोन्ही कथांची भीड बाळगण्याचे कारण उरत नाही.